दुभत्या गाईंचा कासदाह व प्रतिपिंडांची परीक्षा

दुभत्या जनावरांचे कांहीं रोग असे आहेत कीं, ते आले म्हणजे सारा गांव जागा होतो. आणि कांहीं असे आहेत कीं, ते गोठ्यांत वर्षभर मुक्काम करून राहिले तरी घरच्या माणसांसहि त्यांचा पत्ता लागत नाहीं. लाळ्या-खुरकुत हा पहिल्या जातीचा रोग. कासदाह, ज्यास आपण दगडी म्हणतों, तो बहुतांशीं दुसऱ्या जातीचा होय. कास दगडासारखी घट्ट झाली, सड सुजला, दुधांत गांठी किंवा रक्त दिसूं लागलें, म्हणजे तो कोणीहि ओळखतो. पण ही त्या रोगाची उघड अवस्था झाली. त्याची सुप्त अवस्था याहून पुष्कळ अधिक जनावरांत आढळते. तींत कास मऊ असते, दूध पांढरें असतें, गाय खाऊनपिऊन सुखी दिसते. फक्त दूध रोज थोडें कमी मिळतें. या तुटीचा दोष शेतकरी कधीं वैरणीला देतो, कधीं हवेला, तर कधीं कोणाच्या दृष्टीला.

कोल्हापूर जिल्ह्यांत हा विषय लहान समजून चालणार नाहीं. ऊंसाचे पैसे वर्षांतून एखाददुसऱ्या वेळीं हातीं येतात. दुधाचे दर दहा दिवसांनीं येतात. १९६३ सालीं जिल्ह्याचा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजे आपला ‘गोकुळ’, स्थापन झाला. पुढें वारणानगरास वारणेचा दूधसंघ उभा राहिला. आणि गांवोगांवच्या संस्थांत सकाळ-संध्याकाळ दूध घालण्याची रीत घरोघर रुजली. किराणा, मुलांची फी, दवाखाना हे खर्च आज पुष्कळ घरांत दुधाच्या बिलावर चालतात. या धंद्याचें बहुतेक काम घरच्या बायका करतात, म्हणून तुटीचा पहिला चटकाहि त्यांसच बसतो. दुसरी गोष्ट अशी कीं, आमचें शहर धारोष्ण दुधाचें शौकीन आहे. गंगावेशीसारख्या कट्ट्यावर म्हैस डोळ्यांसमोर पिळून घेऊन फेसासह पेला रिकामा करणें ही येथील जुनी हौस आहे. जेथें दूध न तापवितां पितात, तेथें सडांतून दुधाबरोबर आणखी काय येतें हा प्रश्न एकट्या गोठ्याचा राहत नाहीं.

सुप्त रोग ध्यानांत न येण्याचें एक कारण आपल्या दूध मोजण्याच्या रीतींतच आहे. संस्थेंत फॅट पाहतात व स्निग्धेतर घनपदार्थ पाहतात. दुधांत रोगाच्या खुणा किती, हें कोणी पाहत नाहीं. कासेंत दाह असला म्हणजे दुधांतील साखर व केसीन कमी होतें आणि खारटपणा वाढतो. त्यामुळें यंत्रावर आकडा उतरतो, आणि उतरलेला आकडा पाहून लोक पहिला संशय घेतात तो पाण्याचा. म्हणजे ज्याची गाय आजारी आहे त्याचें दूध कमी, दर कमी, आणि वर बदनामी. हा अन्याय टाळावयाचा असेल तर रोग ओळखण्याची सोय झालीच पाहिजे, याबद्दल दुमत नाहीं. प्रश्न आहे तो कोणती सोय, याचा.

हल्लीं ही परीक्षा प्रतिपिंडांवरून करावी असें पुष्कळ ठिकाणीं सुचविलें जातें, व आपणहि ती कां करूं नये, असा प्रश्न आमच्या सभासदांकडून येतो. प्रश्न रास्त आहे. त्यावर आमचें मत आम्ही आरंभींच सांगून टाकतों. ही परीक्षा खरी आहे, शास्त्रीय आहे, उपयोगीहि आहे. परंतु तिचें खरें काम कळपाची पूर्वपीठिका सांगणें हें आहे. एका गाईच्या आजच्या आजाराचा निकाल एकट्या तिच्यावर सोंपवूं नये. सोंपविल्यास पैसा वायां जाईल, आणि एखाद्या निरोगी गाईस विनाकारण बाजार दाखविला जाईल.

असें कां, हें समजण्यासाठीं प्रतिपिंड म्हणजे काय तें प्रथम पाहूं. परका जंतु शरीरांत शिरला म्हणजे शरीरांतील कांहीं पेशी त्या जंतूला नेमका चिकटेल असा एक पदार्थ तयार करतात. त्यास प्रतिपिंड म्हणतात. एका जंतूचें प्रतिपिंड सहसा दुसऱ्यास लागू पडत नाहीं. एलायझा नांवाची जी परीक्षा आहे ती याच गुणावर उभारलेली आहे. प्लॅस्टिकच्या ताटलींतील बारीक खळग्यांना जंतूचा अंश चिकटवून ठेवतात. त्यांत गाईचें रक्तजल किंवा दूध घालतात. त्या जंतूविरुद्धचीं प्रतिपिंडें त्यांत असतील तर तीं तेथें धरून बसतात. बाकीचें धुवून टाकतात, आणि रंग उमटविणारें द्रव्य वर घालतात. रंग जितका गडद, तितकीं प्रतिपिंडें अधिक. ही युक्ति १९७१ सालीं स्वीडनमधील एंगवाल व पर्लमन यांनीं प्रसिद्ध केली. एका ताटलींत पुष्कळ जनावरांची परीक्षा एकदम होते, आणि दुधावरहि ती चालत असल्यानें गाईस सुई टोंचावी लागत नाहीं. हे तिचे मोठे गुण आहेत.

आतां तिची मर्यादा. प्रतिपिंडें ही शरीराची आठवण आहे. जंतु येऊन गेला तरी तीं मागें राहतात. आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं केव्हां ना केव्हां ताप आलेल्या माणसाची ‘विडाल’ झाली असेल. पॅरिसच्या विडाल यांनीं १८९६ सालीं विषमज्वरासाठीं रूढ केलेली ती परीक्षाहि प्रतिपिंडांचीच आहे. जेथें विषमज्वराची सांथ नेहमींचीच आहे अशा मुलखांत, ज्याला तो ज्वर आज नाहीं त्याच्याहि रक्तांत ती खूण निघते, आणि म्हणून चांगले वैद्य एकट्या विडालवर औषध देत नाहींत. माणसाच्या बाबतींत जी सावधगिरी आपण शिकलों, ती गाईच्या बाबतींत सोडून देण्याचें कारण नाहीं.

कासदाहाच्या बाबतींत तर ही अडचण अधिकच मोठी आहे. कारण हा एका जंतूचा रोग नव्हे. त्यांतील तीन प्रमुख जंतूंचा विचार करूं. पहिला स्टॅफिलोकोकस ऑरियस. हा कासेंत बारीक गळवें करून लपतो, आणि दुधांत कधीं उतरतो, कधीं उतरत नाहीं. त्यामुळें एका दिवसाचें दूध प्रयोगशाळेंत नेऊन जंतु वाढवून पाहिला तर तो हुकण्याचा संभव असतो. येथें प्रतिपिंडांच्या परीक्षेची बाजू बळकट आहे, हें आम्ही मोकळेपणानें मान्य करितों. जंतु लपला तरी शरीराची आठवण लपत नाहीं. परंतु याच जातीचे जंतु कातडीवर, सडावर, धार काढणाऱ्याच्या हातावर नेहमीं वावरत असल्यामुळें निरोगी गाईंच्या अंगींहि त्यांचीं थोडीं प्रतिपिंडें असतातच. मग किती रंगापुढें गाय रोगी धरावी, ही रेघ कोठें ओढावयाची? रेघ खालीं ओढली तर चांगल्या गाई रोगी ठरतात, वर ओढली तर रोगी गाई सुटतात.

दुसरा जंतु स्ट्रेप्टोकोकस ॲगॅलॅक्टिए. याचा मुख्य वास कासेंतच असतो, आणि धार काढणाऱ्याच्या हातानें व फडक्यानें तो एका गाईच्या सडांतून दुसरीच्या सडांत जातो. पेनिसिलिनला तो सहसा वश होतो, म्हणून वेळीं ओळखल्यास गोठा त्यापासून मोकळा करतां येतो. तिसरा ई. कोलाय, हा शेणांतून व ओल्या जमिनींतून येतो, आणि विशेषतः नुकत्याच व्यालेल्या गाईस एकाएकीं धरतो. त्याचा हल्ला कांहीं तासांचा व दिवसांचा असतो. प्रतिपिंडें भरपूर तयार होण्यास मात्र आठवडा किंवा त्याहून अधिक काळ लागतो. म्हणजे परीक्षेंत खूण उमटेपर्यंत गाय बरी झालेली असते किंवा गेलेली असते. अशा वेळीं ताटलींतील रंगाची वाट पाहणें म्हणजे घर जळून गेल्यावर विहीर खणणें होय.

याशिवाय काळवेळेच्या अडचणी आहेत. चिकांत प्रतिपिंडें अतोनात असतात. तीं वासराच्या रक्षणासाठीं आईनें दिलेलीं असतात, रोगाचीं नव्हेत. गाय आटत आली म्हणजे दूध थोडें उरतें आणि त्यांतील प्रतिपिंडांचें प्रमाण वाढतें. कोणत्याहि कारणानें कास सुजली म्हणजे रक्तांतील प्रतिपिंडें दुधांत झिरपतात, मग तीं कोणत्या का जंतूचीं असेनात. लस टोंचलेल्या जनावरांतहि तीं दिसतात. आणि रक्ताची परीक्षा केली तर चारांपैकीं कोणत्या सडांत रोग आहे, हें तर मुळींच समजत नाहीं. औषध मात्र सडांतच घालावयाचें असतें.

तेव्हां शेतकऱ्यानें करावें काय? आमच्या मतें परीक्षांचा एक क्रम असावा, आणि त्यांत स्वस्त व जवळची परीक्षा आधीं यावी.

पहिली परीक्षा घरचीच. धार काढण्यापूर्वीं प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन चिळकांड्या काळ्या फडक्यावर किंवा काळ्या तबकडींत घ्याव्या. गांठी, पाणचटपणा, पिवळटपणा काळ्यावर चटकन दिसतो. त्याच वेळीं हातानें चारहि भाग चांचपून पहावे. एखादा गरम किंवा कठीण लागतो काय, एखादा दुसऱ्याहून लहान झाला आहे काय, हें रोजच्या हातास जितकें कळतें तितकें कोणत्याहि यंत्रास कळत नाहीं.

दुसरी परीक्षा कॅलिफोर्निया कसोटी. शाल्म व नूरलँडर यांनीं ती १९५७ सालीं प्रसिद्ध केली. चार वाट्यांच्या तबकडींत चार सडांचें थोडें थोडें दूध वेगवेगळें घ्यावयाचें, तितकेंच कसोटीचें औषध घालावयाचें व तबकडी गोल फिरवावयाची. दाह असेल तर रक्तांतील पांढऱ्या पेशी दुधांत फार उतरलेल्या असतात. औषधानें त्या फुटतात आणि दूध चिकट, शेंबडासारखें होतें. कांहीं सेकंदांत उत्तर मिळतें, आणि तेंहि सडासडाचें. विकतचें औषध न मिळाल्यास धुण्याच्या भुकटीचें शेकडा तीन प्रमाणाचें पाणी वापरूनहि ही परीक्षा करतां येते. निरोगी कासेच्या दुधांत दर मिलिलिटरास दोन लाखांहून कमी पेशी असाव्या, असें सामान्यतः धरतात. युरोपांत कळपाच्या एकत्र दुधास चार लाखांची कमाल मर्यादा कायद्यानें घातलेली आहे. नुकत्याच व्यालेल्या व आटत आलेल्या गाईंत ही कसोटीहि फसवूं शकते, एवढें ध्यानांत ठेवावें.

तिसरी परीक्षा जंतु वाढवून पाहण्याची. कसोटींत जो सड संशयास्पद ठरला त्याचेंच दूध पाठवावें. सड स्पिरिटानें पुसून, पहिल्या चिळकांड्या टाकून, निर्जंतुक बाटलींत धरून बर्फांत ठेवल्यास तें चांगलें पोंचतें. जंतु कोणता व त्यास कोणतें औषध लागू पडेल, हें एक-दोन दिवसांच्या वाढीनंतर समजूं लागतें. पुण्यास औंध येथें पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. पुण्याच्या वाटेवर शिरवळास क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. दूध मुंबईस रोज पोंचविणाऱ्या जिल्ह्यास चार बाटल्या शिरवळास किंवा पुण्यास पोंचविणें कठीण वाटूं नये.

आणि या क्रमांत प्रतिपिंडांची परीक्षा कोठें बसते? तीन ठिकाणीं. एक, जेथें कसोटी वारंवार रोग दाखविते पण वाढींत जंतु सांपडत नाहीं, तेथें लपलेल्या स्टॅफिलोकोकसचा माग काढण्यास. दोन, गांवच्या किंवा मोठ्या गोठ्याच्या एकत्र दुधावर, या कळपांत अमुक सांसर्गिक जंतूचा वावर आहे काय, एवढें विचारण्यास. तीन, परप्रांतांतून विकत आणलेलीं जनावरें गोठ्यांत मिसळण्यापूर्वीं. कर्ज काढून दूरच्या बाजारांतून गाई-म्हशी आणण्याची चाल आपल्याकडे वाढली आहे. त्या दुधाबरोबर काय घेऊन येतात तें आधीं पाहिलेलें बरें. या परीक्षेचें एक जुनें उदाहरण म्हणजे सांसर्गिक गर्भपाताची, म्हणजे ब्रुसेलोसिसची, दुधावरील वलय-परीक्षा. रंगविलेले जंतु गाईच्या दुधांत घातले व तेथें प्रतिपिंडें असलीं तर वर येणाऱ्या सायीचें वलय रंगीत होतें. कळप चाळण्यास ही परीक्षा जगभर वापरली गेली. परंतु रंगीत वलय दिसलें म्हणून कोणी एकेका गाईस दोषी ठरवीत नाहीं, पुढची तपासणी करतात. गंमत अशी कीं, कासदाहाचें दूध व चीक हीं दोन्हीं त्या परीक्षेंत खोटी खूण देतात. प्रतिपिंडांची साक्ष किती जपून घ्यावी, याचा याहून चांगला दाखला नको.

यावर कोणी असें म्हणतील कीं, शेतकऱ्यास इतक्या पायऱ्या चढण्यास वेळ कोठें आहे. एकच परीक्षा, एकच उत्तर, हेंच त्यास सोयीचें. सोय आम्हांसहि कळते. पण ज्या उत्तरावरून गाय ठेवावी कीं विकावी हें ठरणार, तें उत्तर सोयीपेक्षां खरेंपणावर निवडलें पाहिजे. शिवाय पहिल्या दोन पायऱ्यांस पैसा जवळजवळ लागत नाहीं, आणि बहुतेक गोठ्यांचें काम त्या दोन पायऱ्यांवरच भागतें.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. परीक्षा कोणतीहि असो, तिच्यानंतर काय होतें यावर तिचें सारें हित अवलंबून आहे. समजा, उद्यां प्रत्येक संस्थेनें गाई तपासल्या, आणि ज्यांची खूण निघाली त्यांचें दूध नाकारलें. शेतकरी काय करील? तो गाय आठवड्याच्या बाजारीं उभी करील. सुप्त दगडीची गाय वडगांवच्या बाजारांत कोणासहि निरोगीच दिसते. ती दुसऱ्या गांवच्या, बहुधा अधिक गरीब, घरांत जाईल आणि तेथील दोन जनावरांस रोग देईल. म्हणजे तपासणी झाली, रोग मात्र हलला नाहीं, उलट पसरला. ज्यास सांगितल्यानें शिक्षाच होते, तो कधींहि खरें सांगत नाहीं. हा मनुष्यस्वभाव आहे, यांत शेतकऱ्याचा विशेष दोष नाहीं.

म्हणून आमची सूचना अशी आहे. कॅलिफोर्निया कसोटी प्रत्येक गांवच्या संस्थेनें महिन्यांतून एकदां, सभासदाच्या गोठ्यांत जाऊन, विनामूल्य करावी. संशयित सडाचें दूध प्रयोगशाळेंत पाठविण्याचा खर्च संस्थेनें सोसावा. दिवाळीस जो दूधफरक वाटतात त्यांतील लहानसा अंश यासाठीं बाजूस काढल्यास कोणास जड जाणार नाहीं. जो सभासद आपण होऊन आजारी सड सांगेल, त्याचें उरलेलें चांगलें दूध नेहमींच्या दरानें घ्यावें. औषध चालू असतां व त्यानंतर पशुवैद्य सांगेल तितके दिवस त्या गाईचें दूध डब्यांत घालूं नये, कारण औषधाचा अंश पिणाऱ्याच्या पोटांत जातो आणि विरजणहि बिघडवितो. परंतु त्या दिवसांची थोडी तरी भरपाई संस्थेनें द्यावी. प्रतिपिंडांच्या परीक्षेचा खर्च एकेका शेतकऱ्यावर मुळींच पडूं नये. ती संघानें, कळपासाठीं, जाणत्या पशुवैद्याच्या सल्ल्यानें करावी, व तिच्या एकट्या निकालावर कोणाचेंहि दूध बंद करूं नये.

आणि रोग येऊंच नये म्हणून ज्या साध्या गोष्टी आहेत, त्यांस कोणत्याहि परीक्षेची वाट पहावयाची नाहीं. अंगठा दुमडून धार काढूं नये, पूर्ण मुठीनें काढावी; दुमडलेल्या अंगठ्यानें सड आंतून दुखावतो. हात व कास धुवून कोरडी करावी, आणि प्रत्येक गाईस वेगळें फडकें घ्यावें. आजारी गाय सर्वांत शेवटीं पिळावी. धार झाल्यावर सड आयोडीनच्या औषधांत बुडवावे. सडाचें तोंड मिटण्यास सुमारें अर्धा तास लागतो, म्हणून तेवढा वेळ गाय खालीं बसूं नये यासाठीं धार झाल्याबरोबर तिच्यापुढें वैरण टाकावी. पावसाळ्यांत राधानगरी-गगनबावड्याकडे तर जमीन कोरडी ठेवणें हेंच अर्धें औषध आहे. गाय आटवितांना पशुवैद्यास दाखवून सडांत औषध घालावें.

प्रतिपिंडांची परीक्षा ही नव्या शास्त्राची चांगली देणगी आहे, आणि ती आपल्या जिल्ह्यांत यावी असें आम्हांस मनापासून वाटतें. मात्र ती यावयाची ती साक्षीदार म्हणून यावी, न्यायाधीश म्हणून नव्हे. न्याय करण्यास काळें फडकें, चार वाट्यांची तबकडी, प्रयोगशाळेंतील जंतूंची वाढ आणि पशुवैद्याचा विचार, हीं सारीं एकत्र बसलीं पाहिजेत. येत्या मासिक सभांत प्रत्येक गांवच्या संस्थेनें हा विषय घ्यावा, आणि निदान तबकडी व औषध यांची खरेदी तरी तेव्हांच मंजूर करून टाकावी, अशी आमची सर्व सभासदांस आग्रहाची विनंति आहे.